डोंगरावर पाणी कोणी नेलं

मी ज्यांचं सर्वांत जास्त देणं लागतो ते प्रा. दिनकर राऊत. पालघरच्या कॉलेजात ते आम्हाला इतिहास शिकवत. ते गेले त्याला आता दीडेक महिना झाला. बातमी आली तेव्हा मी बोईसरला कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या खिडकीशी होतो. सकाळची पाळी आत येत होती आणि एका ठेकेदाराशी माझा नेहमीचा वाद चालला होता. तो म्हणत होता, "साब, दस आदमी लिख लो ना, टाइम खोटी मत करो." मी म्हणत होतो, 'दहा आदमी' असं कुणाचं नाव नसतं, एकेकाला खिडकीशी पाठव. तेवढ्यात सरांच्या मुलीचा, मेधाताईंचा फोन आला. "काशिनाथ, बाबा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या मुलाला त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं, मी लिहिलं. दहाही नावं लिहून झाल्यावर मग मी उठलो... स्मशानात माणसं थोडीच होती. आमच्या वर्गातला सातपाटीचा प्रमोद मासळीचा टेम्पो तसाच दुसऱ्याच्या हवाली करून आला होता. तो हळूच म्हणाला, "सरांचा डोंगर राहिला रं चढायचा." सरांचं काय राहिलं होतं ते मला माहीत होतं.

मी मनोरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचा. दिवाळी झाली की आई-बाप वीटभट्टीवर जात, मी आश्रमशाळेत आणि घरी एकटा आजा. बारावी पास झालो तेव्हा पुढे काय असतं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. पालघरच्या कॉलेजात नाव घातलं, पण वसतिगृहात जागा मिळेना. राहायला जागा नाही म्हणून मी नाव काढायला ऑफिसात गेलो होतो, तिथे सर उभे होते. त्यांनी माझा अर्ज वाचला, अक्षर बघितलं आणि विचारलं, "हे तूच लिहिलंस?" मग मला घेऊन तडक वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे गेले. आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण संध्याकाळी मला खाट मिळाली. ती खाट मिळाली नसती तर मीही त्या हिवाळ्यात भट्टीवर गेलो असतो. हे मी आभार मानायचे म्हणून लिहीत नाही. माझ्या बरोबरीचे जे भट्टीवर गेले, त्यांचं काय झालं ते मी रोज बघतो.

आम्हाला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर होता. अमेरिकेशी आपला काय संबंध, असं आम्हा सगळ्यांनाच वाटे. सर पहिल्याच तासाला एका माणसाविषयी बोलायला लागले. त्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याने लिहिला, सगळी माणसं समान जन्माला येतात हे ज्याने कागदावर आणलं, आणि जो पुढे तिथला तिसरा राष्ट्राध्यक्ष झाला, तो हा माणूस. सर त्याचं नाव क्वचितच घेत. त्याने एका डोंगरमाथ्यावर स्वतः आखून घर बांधलं होतं, म्हणून सर त्याला 'डोंगरवाले' म्हणत. आपल्याकडे वाडीवाले, बंदरवाले म्हणतात ना, तसं. डोंगरवाल्यांनी देशोदेशीची बियाणी आणून लावली, डोंगरवाल्यांनी विद्यापीठ उभं केलं, डोंगरवाल्यांनी आपल्या थडग्यावर काय कोरायचं ते आधीच लिहून ठेवलं आणि त्यात राष्ट्राध्यक्ष झाल्याचा उल्लेखही केला नाही... सर रंगून सांगत. डोंगरवाल्यांकडे एक लिहायचं यंत्र होतं. एक पेन हातात धरून लिहिलं की त्याला जोडलेलं दुसरं पेन शेजारच्या कागदावर आपोआप तेच लिही, म्हणजे प्रत्येक पत्राची प्रत घरी राही. सरांनी त्याचं चित्र फळ्यावर काढलं तेव्हा प्रमोद मागून म्हणाला, "सर, आसलं यंत्र आमाला परीक्षेला द्या, एकान लिवायचं न् दोगांनी पास व्हयाचं." सर इतके हसले की खडू हातातून पडला. पण मग म्हणाले, जे तोंडावर बोलता येत नाही ते लिहून कळवावं, आणि त्याची प्रत ठेवावी. आपण काय बोललो होतो हे उद्या आपल्यालाच लागतं. ती सवय मला तेव्हापासून लागली. अजूनही मी कार्बन लावूनच पत्र लिहितो.

त्याच वर्गात सर स्वतःची एक गोष्ट सांगत. त्यांचं मूळ घर मनोरकडे नदीकाठच्या वाडीवर होतं, शाळा ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात घरचा एक गडी त्यांना खांद्यावर बसवून ओढा पार करून देई. "मी गड्याच्या खांद्यावरून शाळेत गेलेला माणूस आहे," सर आम्हा पाड्यांवरच्या पोरांकडे बघून म्हणत, "तुम्ही स्वतःच्या पायांनी आलात. म्हणजे तुम्ही माझ्या पुढे आहात." आम्हाला ते ऐकून बरं वाटायचं. मलाही वाटायचं.

सर डोंगरवाल्यांचं मराठीतून चरित्र लिहीत होते. वर्षानुवर्षं लिहीत होते. माझं अक्षर चांगलं म्हणून रविवारी ते मला घरी बोलावून पानं उतरवून घ्यायला लावत. खिडकीशी एक टेबल, त्यावर दोऱ्याने बांधलेली फाइल, आणि स्वयंपाकघरातून सरांच्या पत्नीचा, काकूंचा आवाज: "तो म्हातारा जाऊन दोनशे वर्षं होतील, तुमचं सुतक काही फिटत नाही." मला जेवू घातल्याशिवाय त्यांनी कधी सोडलं नाही. अशाच एका रविवारी मी बागेचं प्रकरण उतरवत होतो. डोंगरमाथ्यावर वाटाण्याच्या किती जाती लावल्या, अंजिरं कशी धरली, द्राक्षांचे वेल कसे चढवले, असं सुंदर वर्णन होतं. वरची विहीर कोरड्या दिवसांत आटायची, असंही एका वाक्यात होतं. मी थांबलो. आमच्या पाड्यावर फाल्गुनापासून बाया खालच्या झऱ्यावरून डोक्यावर हंडे आणतात. माझ्या आईच्या टाळूवर त्याचा घट्टा आहे. मी सहज विचारलं, "सर, डोंगरावर पाणी कोणी नेलं?"

सरांनी चष्मा काढला. "गुलामांनी," ते म्हणाले. त्या घरी शेकड्यांनी माणसं गुलाम होती. जाहीरनामा लिहिणाऱ्याने त्यातल्या मोजक्यांनाच मोकळं केलं. तो मेल्यावर घरासमोरच्या हिरवळीवर लिलाव झाला आणि खुर्च्या, जनावरं आणि माणसं एकाच ठिकाणी विकली गेली. सरांना हे सगळं ठाऊक होतं, मला त्यात नवं सांगण्यासारखं काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं की मग हे इथेच लिहायला नको का? "त्याचं वेगळं प्रकरण आहे," सर म्हणाले, "सातवं. शेवटचं." आणि त्या दिवशी त्यांनी मला लवकर सोडलं. त्या वेळी सहा प्रकरणं लिहून झाली होती.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा सर पेढे घेऊन आमच्या पाड्यावर आले. मनोरपर्यंत एसटीने आणि पुढे माझ्याबरोबर चालत. आमच्या दारात कधी प्राध्यापक आला नव्हता. बापाने शेजारून खाट मागून आणली. आजा अंगणात बसला होता. त्याचे गुडघे गेलेले, दिवसभर एका जागी बसून राही. त्याने विचारलं, कोण आलं? मी म्हटलं, राऊत सर. "कंचं राऊत?" सरांनी वाडीचं नाव सांगितलं. आजाने जमिनीला हात टेकला, मग भिंतीला, आणि तो उभा राहिला. मी त्याला धरायला गेलो तर त्याने माझा हात बाजूला केला. सर म्हणाले, "अहो, बसा बसा." आजा म्हणाला, "नाय मालक." सर खाटेवर बसेपर्यंत आणि बसल्यावरही तो उभाच होता.

आमच्या पट्ट्यात एके काळी लग्नगडी नावाची चाल होती. लग्नासाठी भात, लुगडं, लागेल ते मालकाकडून उचलायचं आणि त्याबद्दल नवऱ्याने आणि बायकोने मिळून मालकाकडे राबायचं. किती वर्षं, ते मालक सांगेल तितकी. ती फिटायच्या आत पोरं होत, आजारपणं येत, आणि मुदत वाढत जाई. कायद्याने ती चाल कधीच बंद झाली होती. कायदा पाड्यावर पोचायला वेळ लागला. थोड्याच घरांच्या हाती जमीन, तेव्हा कुणाचा आजा कुणाकडे राबलेला निघावा यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. पण सरांना त्या दिवशी जे कळलं ते वेगळं होतं. आजा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुमी धाकलं दिनू ना? वड्यात पानी आलं का माजं कान धरून बसत व्हतं."

सरांचा हात आपोआप वर गेला, जणू अजून काही धरायचं होतं. मग तो खाली आला. कान धरण्याची गोष्ट त्यांनी वर्गात कधी सांगितली नव्हती. ते म्हणाले, "तुमचं नाव काय?" इतकी वर्षं ती गोष्ट सांगत होते, पण त्या माणसाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. वाडीवर त्याला सगळे 'लग्नाचा' म्हणूनच हाक मारत. आजा हसला. "आमचं काय नाव, मालक," म्हणाला. मी तिथेच होतो, मी सांगू शकलो असतो. पण ज्याचं नाव त्याने सांगितलं नाही, ते मी का सांगावं... परत जाताना मनोरच्या नाक्यावर हायवेच्या ट्रकांच्या धुरळ्यात सर माझ्याशेजारी उभे होते. एसटी आली, थांबली, गेली. ते चढले नाहीत. म्हणाले, "काशिनाथ, ती गोष्ट मी तुमच्या वर्गात सांगितली. तुझ्यासमोर."

त्यानंतर सर बऱ्याचदा आले. त्यांना आजाकडून सगळं ऐकायचं होतं, लिहायचं होतं. ते आले की आजा उठे. खाली बसा म्हटलं तरी नाही, सर स्वतः जमिनीवर बसले तरी नाही. उलट तेव्हा तो लाजून आणखी मागे सरकून भिंतीला टेकून उभा राही. त्याचे पाय थरथरत. विचारलेल्याला "व्हय मालक", "नाय मालक" यापलीकडे उत्तर नसे. शेवटी एकदा सर उंबऱ्यापासूनच परत फिरले. मी मागे धावलो तर म्हणाले, "मी येतो म्हणून त्यांना उभं राहावं लागतं. आता नाही येणार." नाही आले. त्याच्या पुढच्या वर्षी आजा गेला. सर त्याच्या मातीला आले, सर्वांत मागे उभे राहिले आणि तसेच परत गेले.

सातवं प्रकरण काही झालं नाही. मुंबईचा एक प्रकाशक सहा प्रकरणांचंच पुस्तक काढायला तयार होता. लोकांना थोर माणसाचं चरित्र हवं असतं, शेवटी कडू कशाला, असं त्याचं म्हणणं. काकूही म्हणाल्या, देऊन टाका एकदाचं. सरांनी नकार दिला. निवृत्तीनंतर रोज सकाळी ते खिडकीशी बसत. एक वाक्य लिहीत आणि खोडत. एकदा मला म्हणाले, "डोंगरवाल्यांना दोष देणारं वाक्य मला पटकन सुचतं. पण ते लिहून झालं की वाटतं, हे मी कुणाच्या खांद्यावर बसून लिहितोय..." काकू गेल्या. मग सरांचा उजवा हात गेला, त्यामागून वाचा. शेवटच्या भेटीत मी त्यांच्यापाशी बराच वेळ बसलो. ते फाइलीकडे बघत, मग माझ्याकडे. मला जे सांगायचं होतं ते त्यांच्या तोंडाकडे बघून सांगता येईना. घरी आलो, कार्बन लावला आणि पत्र लिहिलं. उत्तर येणार नव्हतंच.

तेराव्यानंतर मेधाताईंनी मला बोलावलं आणि फाइल पुढे ठेवली. त्या म्हणाल्या की पत्र त्यांनी बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी पुन्हा वाचायची खूण केली, पुन्हा वाचलं. मग त्यांनी फाइल मागितली आणि पेन मागितलं. दोरा सोडला तर सहाव्या प्रकरणानंतर माझं पत्र लावलेलं होतं आणि त्याच्या माथ्यावर डाव्या हाताने काढलेला, वेडावाकडा सातचा आकडा होता. बाकी काही नाही. एक अक्षरही खोडलेलं नव्हतं.

सरांनी मला मान दिला, असं मेधाताई म्हणाल्या. तसं असेल. पण खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. जे त्यांनी लिहायचं होतं ते पुन्हा आमच्याच घरातल्या एकाच्या खांद्यावर आलं, असं वाटलं. नंतर वाटलं, ज्याला शब्दही उरला नव्हता आणि हातही, तो आणखी काय करणार होता? या दोन्हींतलं एक खरं मानून दुसरं सोडून देणं मला अजून जमलेलं नाही. सरांवर मी रागावू शकतो हेही त्यांनीच मला शिकवलं, एवढं मात्र पक्कं. मेधाताईंनी विचारलं, असंच छापू का? मी हो म्हटलं. फक्त ते पुस्तकात यायच्या आधी आपल्या भागातल्या लोकांनी वाचावं असं वाटतं, म्हणून ते पत्र माझ्याकडच्या कार्बन प्रतीवरून इथे देतो आहे.

"आदरणीय सर,

आज तुमच्याजवळ बसलो होतो तेव्हा बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही येणं बंद केलंत त्यानंतर मी आजाला एकदा सगळं विचारलं. माझ्यासमोर तो बसून बोलला. वाडीवर किती वर्षं होतास म्हटलं, तर त्याला वर्षं सांगता आली नाहीत. म्हणाला, थोरला चालायला लागला, मग दुसरा झाला, तो गेला, मग सुटलो. दुसरा कसा गेला ते मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. आजी लावणीला जायची, पोर बांधावर पळसाखाली ठेवलेलं असायचं. पावसात त्याला ताप भरला. रजा मागायची असते हे दोघांनाही माहीत नव्हतं. पोर सकाळी गेलं. सर, त्या दिवशी तुमची शाळा होती. आजाने आधी तुम्हाला ओढ्यापलीकडे पोचवलं आणि मग येऊन पोराला मूठमाती दिली.

मी त्याला विचारलं, तुला त्या मुलाचा राग नाही आला? तो माझ्याकडे मी काही वेड्यासारखं बोललो असं बघत राहिला. म्हणाला, 'त्याचा काय दोष? त्याचं पाय भिजलं असतं.'

हे तुम्हाला दुःख द्यायला लिहीत नाही. तुम्ही मला खाट मिळवून दिलीत, तुमच्या टेबलावर बसवून लिहायला शिकवलंत. मी आज खिडकीत बसून माणसांची नावं लिहितो, ते तुमच्यामुळे. पण तुम्ही ते प्रकरण अर्धवट टाकून जाऊ नये असं मला वाटतं. डोंगरवाल्यांनी जे केलं ते तुम्हाला कळतं, कारण तुम्हीही तसल्याच घरातले आहात. दुसऱ्या कुणाला ते इतकं कळणार नाही. चांगलं जमलं नाही तरी चालेल. डाव्या हाताने एखादी ओळ लिहिलीत तरी पुरे.

आणखी एक. तुम्ही आजाला त्याचं नाव विचारलं होतंत आणि त्याने सांगितलं नव्हतं. मी मागाहून त्याला म्हटलं, सर चांगले आहेत, नाव सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, 'नाव सांगलं तं तो हाक मारल. हाक मारली का उटाया लागल.'

सर, आता आजा नाही. तुम्ही हाक मारलीत तरी त्याला उठावं लागणार नाही. म्हणून सांगतो. त्याचं नाव जान्या होतं.

आपला,
काशिनाथ"